उशाला लाइफ जॅकेट

मासेमारी बंदीचे दिवस होते. जेटीमागच्या वाळूत बोटी ओळीने वर चढवून ठेवल्या होत्या. कुठे फळ्यांच्या फटींत कापूस ठोकणं चाललं होतं, कुठे इंजिन उघडून ठेवलं होतं. पावसाची सर आली म्हणून मी ओळखीच्या एका तांडेलकाकांच्या (तांडेल म्हणजे बोट चालवणारा म्होरक्या) बोटीवर चढलो आणि केबिनमध्ये टेकलो. कोपऱ्यात लाइफ जॅकेटांची चळत होती. सहा जॅकेटं दुकानातून आणली तशीच प्लॅस्टिकच्या पिशवीत, किमतीच्या चिठ्ठीसकट. सातवं मात्र चांगलंच वापरातलं. आतला फोम दबून भाकरीएवढा झालेला आणि मधोमध डोक्याच्या तेलाचा काळपट डाग.

"ते उशाला," काकांनी मी न विचारताच सांगितलं.

"आणि बाकीची?"

"ती तपासणीला. मोजून दाखवायची असतात."

घालत का नाही, असं विचारल्यावर ते हसले. "तू एकदा घालून जाळं ओढून बघ. ऊन वरनं, घाम आतनं. त्या पट्ट्यात दोर अडकला तर जाळ्याबरोबर माणूस पण जायचा."

काकांचं काही चुकत नव्हतं. त्या जाडजूड नारिंगी जॅकेटात काम होत नाही, हे किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. मालकाला, तांडेलाला, खलाशाला, आणि तपासणी करणाऱ्यालाही. तरी ती विकत घेतली जातात, मोजली जातात, कागदावर खूण होते आणि बोट समुद्रात जाते. बोट बुडते तेव्हा ती सहा जॅकेटं पिशवीतच असतात.

२६ जुलै २०२५ला अलिबागजवळ खांदेरीच्या परिसरात करंजाची एक मासेमारी बोट उलटली. आठ जण होते. पाच जण कित्येक तास पोहून सासवणेच्या किनाऱ्याला लागले, तिघांचा जीव गेला. ३१ जुलैपर्यंतची बंदी अजून उठायची होती, त्यामुळे बरीचशी चर्चा बोट गेलीच कशाला यावर झाली. उरलेली चर्चा त्या पाच जणांच्या पोहण्यावर. त्यांच्या हिमतीला सलाम करायलाच हवा. पण पावसाळी समुद्रात तासन् तास पोहून माणसं वाचली, यात मला कौतुकापेक्षा भीती जास्त वाटते. बोट उलटल्यापासून किनारा लागेपर्यंत त्यांच्या मदतीला स्वतःचे हातपाय सोडले तर काय होतं? आणि जे तिघे वाचले नाहीत ते कमी हिमतीचे होते का?

कोळ्याच्या पोराला पोहायला शिकवावं लागत नाही, असं आपण अभिमानाने म्हणतो. पण पोहणाराच बुडतो, ही म्हणही आपलीच. बोट गेल्यावर माणसाचा पहिला ओढा किनाऱ्याकडे असतो आणि कोकणात हा ओढा फार फसवा आहे. पाण्यात असलेल्या माणसाचे डोळे पाण्यापासून जेमतेम फूटभर वर असतात. तेवढ्या उंचीवरून क्षितिज दोन किलोमीटरवर संपतं. पण आपल्याकडे किनाऱ्यामागे लगेच डोंगर उभे, ते पंधरा-वीस किलोमीटरवरूनही दिसतात, रात्री दीपगृहाचा दिवा दिसतो. दिसतं म्हणून जवळ वाटतं आणि माणूस पोहायला लागतो. ओहोटी असेल तर तासभर हात मारूनही डोंगर होता तिथेच. तोवर अंगातलं बळ गेलेलं असतं आणि उलटलेल्या बोटीचा जो सांगाडा तरंगत होता तो मागे कुठेतरी राहिलेला असतो.

लाकडी बोट उलटली तरी पुष्कळदा लगेच तळाला जात नाही. फायबरच्या बोटीत हवा कोंडलेली असेल तर तीही पालथी तरंगत राहते. शिवाय आजूबाजूला जाळ्याचे फ्लोट, रिकामे कॅन, बर्फाची खोकी, माशांचे क्रेट तरंगत असतात. विमानातून किंवा जहाजावरून शोधणाऱ्याला आधी दिसतो तो हा पसारा. माणसाचं डोकं दिसत नाही. नारळी पौर्णिमेला आपण नारळ सोडतो तो चार लाटांपलीकडे गेला की सापडतो का बघा. पाण्यातल्या माणसाचं डोकं त्या नारळाएवढंच असतं आणि रंगही तसाच. नारिंगी जॅकेट तरंगवतं हे खरं, पण त्याचं निम्मं काम दिसण्याचं आहे. त्याला दोरीने बांधलेली दहा-वीस रुपयांची शिट्टी तर आपण खेळणंच समजतो. वाऱ्यात माणसाची हाक चार हातांवर विरते, शिट्टी बरीच लांब जाते आणि तिला घशाची ताकद लागत नाही.

अरबी समुद्राचं पाणी थंड नाही, हा दुसरा गैरसमज. आपल्या किनाऱ्यावर पाणी साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअस असतं. नॉर्वेसारखा दहा मिनिटांत माणूस गारठत नाही हे कबूल. पण शरीर ३७ अंशांचं, आणि पाणी शरीरातली उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगाने ओढून घेतं. एक रात्र पाण्यात काढली की माणूस काकडतो, मग सुस्तावतो, मग हात सुटतो. हातपाय मारत राहिलं तर हे लवकर होतं. गुडघे पोटाशी घेऊन, चार जण एकमेकांना बिलगून राहिले तर उशिरा. तहान लागली म्हणून समुद्राचं पाणी प्यायलं, तर लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ पोटात जातं आणि ते बाहेर काढायला शरीर आपलंच पाणी खर्च करतं. हे सांगायला पाच मिनिटं पुरतात. पण ते अंगात मुरायला एकदा तरी पाण्यात उतरून करून बघावं लागतं.

आणि आता बोटीवर असतं कोण? तांडेल गावचा, एखाद-दुसरा भाचा-पुतण्या. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात किंवा हर्णैला ऑगस्टमध्ये जाऊन बघा, निम्म्याहून जास्त खलाशी नेपाळचे निघतील, नाहीतर झारखंड, उत्तर प्रदेशचे. डोंगरात वाढलेली, समुद्र पहिल्यांदा इथेच पाहिलेली ही पोरं. उचल घेऊन आलेली असतात, त्यामुळे वारा बघून "आज नको" म्हणायचा अधिकार त्यांना नाही. कित्येकांना पोहता येत नाही. रात्री लघवीला बोटीच्या कडेला गेलेला खलाशी परत आलाच नाही आणि सकाळी चहाच्या वेळी माणसं मोजताना कळलं, असले प्रकार किनाऱ्यावर नवे नाहीत. अजूनही बहुतेक बोटींवर संडास नाही. सुरक्षेच्या परिसंवादात हा शब्द काढायला लोक लाजतात, म्हणून इथे लिहून ठेवतो.

दर्याचं ज्ञान रक्तात असतं, हे आपलं जुनं गृहीतक होतं. बोटीवरची माणसं बदलली, गृहीतक तसंच राहिलं. मच्छीमार तरुणांसाठी राज्य सरकारचं नौकानयन आणि डिझेल इंजिनाचं सहा महिन्यांचं प्रशिक्षण आहे, ते चांगलंही आहे. पण ते गावच्या मच्छीमाराच्या मुलासाठी आहे. हंगामापुरता आलेल्या नेपाळी खलाशाला बोट उलटल्यावर काय करायचं, हे शिकवायची जबाबदारी आज नेमकी कोणाची, हे किनाऱ्यावर कोणालाही विचारा. मालक म्हणेल तांडेलाची, तांडेल म्हणेल खात्याची.

सरकार काही करत नाही, असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. फयान वादळ आठवतंय? ११ नोव्हेंबर २००९. बोटी बाहेर होत्या आणि त्यांना परत बोलवायची सोय नव्हती. २०१७च्या ओखी वादळात केरळ-तमिळनाडूच्या शेकडो मच्छीमारांचं तेच झालं. बंदरात 'समुद्रात जाऊ नये' असा इशारा लागतो तो किनाऱ्यावरच्यांसाठी. दहा दिवसांपूर्वी निघालेल्याला तो कोण सांगणार? त्या डिसेंबरात तिकडच्या ६८ बोटी ९५२ माणसांसह आपल्या देवगड बंदरात आसऱ्याला आल्या होत्या. देवगडकरांनी त्यांना जेवूखाऊ घातलं. त्यांच्यातल्या अनेकांच्या घरी तोवर रडारड सुरू होती. पुढे इस्रोने संकटाचा संदेश उपग्रहामार्फत पाठवणाऱ्या यंत्राची दुसरी पिढी २०२४च्या जानेवारीत आणली. तिच्यात संदेश पोचल्याची पोच बोटीवर परत येते. पहिल्या पिढीत ती नव्हती, बटण दाबून माणूस देवाच्या भरवशावर बसायचा. त्याच वर्षी ३० ऑगस्टला पालघरमध्ये एक लाख बोटींना ट्रान्सपॉन्डर, म्हणजे बोटीचा ठावठिकाणा कळवणारं यंत्र, देण्याची सुमारे ३६० कोटींची योजना पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झाली. हे सगळं हवंच होतं, उशिरा झालं तरी.

पण यंत्र शोधणाऱ्याला तुमच्यापर्यंत आणतं. तो येईपर्यंत तरंगत राहायचं काम तुमचं असतं. आणि यंत्र नसेल, किंवा केबिनसकट पाण्याखाली गेलं असेल, तर हिशेब भयंकर आहे. वारा आणि प्रवाह माणसाला कुठे नेईल याचा अंदाज तासागणिक ढिला होतो. पहिल्या तासाला जेवढं पाणी पिंजायचं असतं, त्याच्या छत्तीस पट सहाव्या तासाला. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर किती खलाशांना तोंडपाठ आहे, हे मी त्या दिवशी जेटीवर सहज विचारून पाहिलं. उत्तर लिहीत नाही.

तौक्ते वादळात, १७ मे २०२१ला मुंबईच्या समुद्रात पी-३०५ हा बार्ज बुडाला. तो मासेमारीचा नव्हता, तेलक्षेत्राच्या कामावरचा होता, तरी इथे तो आठवायलाच हवा. त्यावर २६१ माणसं होती. नौदलाची जहाजं तिथे पोचली, त्यांनी पर्वताएवढ्या लाटांतून, काळोखात, एकेक माणूस उचलला. वाचलेले बहुतेक जण जॅकेट घालून, एकमेकांना धरून तासन् तास तरंगत होते. जॅकेट असूनही पुष्कळ गेले, हेही तितकंच खरं. तराफे फाटलेले निघाले अशी वाचलेल्यांची तक्रार होती. म्हणजे साधन असणं पुरत नाही, ते चालतं का हे वादळाआधी कोणीतरी उघडून बघावं लागतं. काकांच्या केबिनमधल्या सहा पिशव्या मला त्यामुळेच जास्त टोचतात.

यावर मालकांचं म्हणणं ठरलेलं असतं: जॅकेट घालून धंदा होत नाही. मग वेगळं जॅकेट आणा. कमरेच्या पट्ट्यासारखी किंवा गळ्यातल्या पातळ पट्टीसारखी, पाण्यात पडल्यावर आपोआप फुगणारी जॅकेटं जगात सर्रास वापरात आहेत. ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०१८पासून, पाण्यात पडण्याचा धोका नाही हे मालकाने लेखी दाखवलं नाही तर, डेकवर काम करणाऱ्याने असं काहीतरी अंगावर घालणं सक्तीचं आहे. ती महाग पडतात, त्यांची गॅसची नळी बदलावी लागते, खाऱ्या हवेत ती गंजते, हे सगळं मान्य. सरकारने अनुदान द्यायचंच असेल तर अशा वस्तूला द्यावं. पिशवीतून कधीच न निघणारं जॅकेट स्वस्तात वाटून काय होणार? आणि ज्याला हेही जमत नाही त्याने निदान रात्रीच्या पाळीला, एकटं डेकवर जाताना आणि खाडीच्या तोंडातून आत-बाहेर करताना तरी साधं जॅकेट घालावं. जाळं ओढण्याचं कारण त्या वेळी नसतं.

आइसलँडचं उदाहरण दिलं की लोक म्हणतात, कुठे आइसलँड आणि कुठे आपण. देतोच तरी. तिथे १९८५मध्ये एका जुन्या गस्ती जहाजावर खलाशांची बचाव-शाळा निघाली. ते जहाज गावोगावच्या बंदरांत जाऊन माणसांना पाण्यात उड्या मारायला लावायचं, तराफा उघडायला लावायचं. पुढे हे प्रशिक्षण सक्तीचं झालं. २००८ हे त्या देशाच्या इतिहासातलं पहिलं वर्ष, ज्यात एकही खलाशी समुद्रात मेला नाही. त्यांचा समुद्र आपल्यापेक्षा थंड आणि क्रूर. शाळा बंदरात आली, ही त्यातली गोष्ट मला सर्वात मोलाची वाटते. आपल्याकडे प्रशिक्षण म्हणजे तालुक्याच्या ठिकाणी सभागृह, बॅनर, पाहुण्यांचं भाषण आणि अल्पोपहार. खलाशी तिथे जात नाही, संस्थेचे पदाधिकारी जातात.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बोटी पाण्यात उतरतात तेव्हा प्रत्येक बंदरात, प्रत्येक बोटीच्या सगळ्या खलाशांना दोन तास जेटीच्या पाण्यात उतरवा. जॅकेट घालून उडी, उलटलेल्या होडीला धरून राहणं, शिट्टी, बिलगून राहणं, संदेशयंत्राचं बटण. शिकवायला माणसं नाहीत असं म्हणू नका. ओखीनंतर केरळने मच्छीमारांची बचाव पथकं उभी केली, त्यांना शिकवलं आपल्या शेजारच्या गोव्यातल्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेने.

हे होईल कसं? आवाहनाने होणार नाही. ज्या कागदाशिवाय बोट हलत नाही त्या कागदाला ते बांधावं लागेल, आणि तो कागद म्हणजे डिझेल परतावा, मच्छीमाराला सरकारकडून परत मिळणारा डिझेलवरचा कर. परताव्यासाठी मालक काय काय कागद गोळा करतो हे पाहिलं की कळतं, सक्ती कुठे चालते. सव्वीस-अकराला दहशतवादी पोरबंदरच्या 'कुबेर' या मासेमारी बोटीतून आले. त्यानंतर ओळखपत्रं आली, खलाशांच्या याद्या आल्या, किनाऱ्यावर पोलीस ठाणी आली, आणि कुरकुरत का होईना, किनाऱ्याने ते पाळलं. देशाला बोटीपासून धोका असू शकतो हे पटल्यावर यंत्रणा हलली. बोटीवरच्या माणसाला समुद्रापासून असलेल्या धोक्यासाठी तिने त्याच्या निम्म्याने तरी हलावं. ज्या बोटीच्या खलाशांनी त्या हंगामात पाण्यात सराव केला नाही, तिचा परतावा थांबवा. ओरड होईल. कागदी सराव दाखवून परतावा लाटणारेही निघतील, हे मी धरूनच चालतो. तरी आजच्यापेक्षा बरं.

मालकांकडून एवढं मागताना सरकारने आपली बाजूही साफ करावी. हर्णैच्या बोटी वादळात आसऱ्याला आंजर्ल्याच्या खाडीकडे वळतात आणि त्या खाडीच्या तोंडाशीच गाळ. भर वाऱ्यात, भरतीची वाट बघत बाहेर हेलकावे खायचे, किंवा धोका पत्करून आत घुसायचं. दर दोन-तीन वर्षांनी गाळ काढण्याचं निवेदन, दर दोन-तीन वर्षांनी पाहणी. २०२५मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला, त्याचं स्वागतच आहे. पण शेतकऱ्याच्या पायाखालची जमीन उलटत नाही.

आणि एक गोष्ट, जी मला या सगळ्यात सर्वात खटकते. विमान पडलं की चौकशी होते, रेल्वे घसरली की सुरक्षा आयुक्त येतात, अहवाल निघतो. मासेमारी बोट बुडाली की अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो, विम्याचे पाच लाख मिळतात किंवा रखडतात, आणि विषय संपतो. फळी सुटली होती का, शाफ्टमधून पाणी येत होतं का, जाळं तळाला अडकलं का, मालवाहू जहाजाने रात्री धडक दिली का, पंप चालू होता का, जॅकेटं कुठे होती? ब्रिटनमध्ये १९८९पासून एक स्वतंत्र सरकारी विभाग हे प्रश्न विचारतो आणि दोन माणसांच्या छोट्या होडीचाही अहवाल सर्वांना वाचायला ठेवतो. दोषी कोण हे ठरवायला नाही, पुढची बोट वाचावी म्हणून. आपल्याकडे एका बंदरात बुडालेल्या बोटीचा धडा शेजारच्या बंदरापर्यंत पोचतो तो चहाच्या टपरीवरच्या गप्पांतून, आणि तोवर त्याची दंतकथा झालेली असते.

मृतदेह सापडला नाही तर ते विम्याचे पैसेही नाहीत. सात वर्षं कोणाला काही कळलं नाही तरच माणूस मेला असं कायदा मानतो. जुन्या पुरावा कायद्यातलं हे कलम नव्या कायद्यातही आलं आहे. ओखीनंतर केरळ सरकारने बेपत्ता मच्छीमारांच्या घरांनाही मदत दिली, कारण वादळ मोठं होतं आणि देश बघत होता. एकट्या बोटीवरून रात्री पडलेल्या एकट्या खलाशासाठी देश बघत नसतो. त्याची बायको कागद घेऊन फिरत राहते, आणि ती नेपाळच्या डोंगरात असेल तर तेही नाही.

त्या दिवशी पाऊस ओसरेपर्यंत मी काकांना त्यांच्या खलाशांची नावं विचारली. खात्याला दिलेल्या यादीची प्रत त्यांनी प्लॅस्टिकमधून काढली. नाव, ओळखपत्राचा नंबर, सगळं बरोबर. घरच्यांचा फोन नंबर एकाचाही नव्हता.

"काही झालं तर कळवणार कोणाला?"

काका थोडा वेळ गप्प बसले. मग बाहेर जाळं शिवत बसलेल्या पोरांना एकेक करून आत बोलावलं आणि वहीच्या पानावर नंबर लिहून घेतले. एकाने आईचा दिला, एकाने गावातल्या किराणावाल्याचा. लिहून झालं तसं काकांनी ते पान केबिनच्या फळीला खिळ्याने ठोकलं.

"काका, बोट गेली तर हे पण जाईल की."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खिळा उपसला, आणि मला ते पान पुन्हा एकदा उतरवून काढायला सांगितलं. दुसरी प्रत जेटीवरच्या बर्फवाल्याच्या गल्ल्यात आहे.